रजिस्टर दुकानात राहतं, चिठ्ठी गावभर फिरते

चिठ्ठी एक, मेडिकल तीन. डॉक्टरांनी लिहिलंय अल्प्राझोलाम ०.२५ (सवय लावणारी झोपेची गोळी), रात्री एक, ३० दिवस. पहिल्या दुकानात ३० गोळ्या दिल्या, एच१ रजिस्टरला, म्हणजे शेड्यूल एच१ या यादीतल्या औषधांच्या सक्तीच्या वहीत, नोंद झाली, बिल फाडलं, चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात परत. दुसऱ्या दुकानात तीच चिठ्ठी, पुन्हा ३०, पुन्हा नोंद. तिसऱ्यातही तेच. संध्याकाळपर्यंत ९० गोळ्या एका खिशात आणि तिन्ही रजिस्टरं चोख. ड्रग इन्स्पेक्टर तिन्ही दुकानं फिरला तरी त्याला एकाही वहीत खोट सापडणार नाही.

याचं उत्तर नियमांत आहे, आणि ते एच१ च्या कितीतरी आधीपासून आहे. औषध नियम, १९४५ मधल्या ६५ व्या नियमाचा ११ वा पोटनियम तीन गोष्टी सांगतो. डॉक्टरांनी 'पुन्हा द्यावे' असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. किती वेळा किंवा किती दिवसांच्या अंतराने द्यायचं हे लिहिलं असेल तर अगदी तसंच द्यायचं. आणि औषध देताना चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. ही तिसरी गोष्ट म्हणजे एक शिक्का. तो बहुतेक काउंटरांवर असतो, पण उधारीच्या बिलावर मारायला.

शेड्यूल एच१ लागू झालं १ मार्च २०१४ ला. सुरुवातीच्या यादीत ४६ औषधं होती. निम्म्याहून जास्त अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं. सवय लावणारी त्या मानाने थोडी: अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, मिडाझोलाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन, डायफेनॉक्सिलेट. तेव्हापासून सगळा जोर रजिस्टरवर गेला. तपासणीला आलेला माणूस रजिस्टरच मागणार, कारण ते दुकानात सापडतं. चिठ्ठी तर गिऱ्हाइकाबरोबर निघून गेलेली असते. अमेरिकेतल्या राज्यांत फार्मासिस्टला संगणकावर दिसतं की या माणसाने गेल्या महिन्यात कुठून काय घेतलं. आपल्याकडे शेजारच्या गल्लीतल्या मेडिकलने काय दिलं हे कळायची एकच जागा आहे, ती म्हणजे चिठ्ठीची उरलेली कोरी जागा.

म्हणून, मेडिकलवाल्यांनो, आधी शिक्क्याचं. स्वतः शाई घेणारा शिक्का करून घ्या. त्यात दुकानाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि तीन रिकाम्या जागा: तारीख, औषध, दिलेली संख्या. नियम तारखेपर्यंतच थांबतो. औषध आणि संख्या आपण होऊन लिहायची, कारण एका चिठ्ठीवर पाच औषधं असतात आणि गिऱ्हाईक त्यातली दोनच घेतं. ३० पैकी १० च घेतल्या तर 'अल्प्राझोलाम ०.२५ – १० दिल्या, २० बाकी' असं बॉलपेनने लिहा. 'बाकी' हा शब्द महत्त्वाचा. नुसतं '१०' लिहिलं तर पुढचा दुकानदार त्याला डोसाचा आकडा समजू शकतो. मोठ्या हॉस्पिटलांची लेटरहेडं गुळगुळीत असतात, शिक्क्याची शाई पुसली जाते. तिथे हातानेच लिहून सही करावी. आणि चिठ्ठी लॅमिनेट करून आणलेली असेल तर सरळ नाही म्हणा. बिचाऱ्या आजोबांनी ती फाटू नये म्हणून केलेली असेल, पण प्लॅस्टिकवर ना शिक्का बसतो ना शाई, आणि एकदा लॅमिनेट झालेली चिठ्ठी वर्षानुवर्षं चालवली जाते.

मोबाइलमधल्या फोटोचंही तसंच. फोटोवर शिक्का मारता येत नाही. 'मूळ चिठ्ठी घरी आहे' हे खरंही असेल, पण सवय लावणाऱ्या औषधाला मूळ कागदाशिवाय हात लावू नये. व्हिडिओ कॉलवर तपासून पाठवलेली चिठ्ठी ही वेगळी गोष्ट. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी शेड्यूल एक्स (सगळ्यात कडक यादी) आणि एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं दूरस्थ सल्ल्याच्या बाहेर ठेवली. अपस्माराची वगैरे दोन-तीन औषधं सोडली तर तो मज्जाव आहेच. अल्प्राझोलामची ई-चिठ्ठी कितीही सुबक छापलेली असली तरी तुमच्या कामाची नाही.

कुठलं औषध कुठल्या यादीतलं हे पाठ करायची गरज नाही, पट्टीच सांगते. डाव्या कोपऱ्यात वर नुसतं 'आरएक्स' असेल तर शेड्यूल एच. लाल 'एनआरएक्स' असेल तर ते औषध एनडीपीएस कायद्याच्या कक्षेतही येतं. (गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हे त्याचं पूर्ण नाव. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ते एका दमात वाचून दाखवा.) लाल 'एक्सआरएक्स' म्हणजे शेड्यूल एक्स. आणि लाल चौकटीत इशारा छापला असेल तर एच१. एकाच पट्टीवर 'एनआरएक्स' आणि लाल चौकट दोन्ही दिसली की ती पट्टी हाताशी ठेवायची नाही. वेगळ्या कप्प्यात, काउंटरवरच्या पोऱ्याच्या हाताबाहेर. क्लोनाझेपाम २०१३ ला निघालेल्या मूळ एच१ यादीत नव्हतं, पण ते एनडीपीएसच्या यादीत आहे. कायदा मागो न मागो, त्याची नोंद ठेवलेली बरी. अल्प्राझोलाम मिळेनासं झालं की गिऱ्हाईक क्लोनाझेपामकडेच वळतं.

रजिस्टरमध्ये काय हवं? एच१ साठी चारच गोष्टी: डॉक्टरांचं नाव व पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, दिलेली संख्या. नोंद विकतानाच करायची, वही वेगळी ठेवायची, तीन वर्षं जपायची. एवढं सोपं असूनही चुका ठरलेल्या. बहुतेक ठिकाणी आता बिलिंग सॉफ्टवेअर एच१ रिपोर्ट आपोआप काढतं, आणि डॉक्टरांच्या रकान्यात आधीच्या बिलातलं नाव तसंच राहतं. मग महिन्याच्या रिपोर्टात दिसतं की गावातल्या एका बालरोगतज्ज्ञाने ४० जणांना झोल्पिडेम ही झोपेची गोळी लिहिलीय. दुसरी चूक, डॉक्टरांच्या जागी नुसतं 'डॉ. पाटील'. एका रस्त्यावर तीन डॉ. पाटील असतात, म्हणून नोंदणी क्रमांकही लिहावा. तिसरी, संख्येच्या जागी '१ स्ट्रिप'. स्ट्रिप १० ची आहे की १५ ची, हे दोन वर्षांनी कुणाला आठवणार? गोळ्याच लिहा. रुग्णाचा फोन नंबर नियम मागत नाही, पण तो लिहिला तर महिन्यात चौथ्यांदा आलेला माणूस वेगळ्या नावाने आला तरी नंबरावरून सापडतो.

रात्री शटर ओढताना दिवसभराच्या बिलांवरून वही भरायची ही सवय सगळ्यात वाईट. अक्षर एकसारखं, शाई एक, वेळ एक. तपासणाऱ्याला ते लांबून दिसतं. शिवाय 'विकतानाच' हा शब्द नियमात आहे.

खोट्या चिठ्ठ्यांबद्दल. आख्खी बनावट चिठ्ठी कमी येते, खऱ्या चिठ्ठीत भर घातलेली जास्त. १ चे १० होतात. ५ दिवसांच्या आधी १ लागतो आणि १५ दिवस होतात. पित्ताची गोळी, व्हिटॅमिन आणि खाली वेगळ्या शाईत, सहीला अगदी खेटून, झोपेची गोळी. चिठ्ठी पालथी करून बोट फिरवा: डॉक्टरांनी दाबून लिहिलेल्या ओळी मागे उमटलेल्या असतात, नंतर घुसवलेल्या ओळीचा दाब वेगळा लागतो. कलर झेरॉक्सला मागे काहीच उमटत नाही. तारीख नाही, रुग्णाचं नाव-पत्ता नाही, एकूण संख्या नाही, अशी चिठ्ठी खरी असली तरी ६५ व्या नियमाच्या १० व्या पोटनियमाप्रमाणे पुरी नाही. डॉक्टरांकडून पूर्ण करून आणायला सांगावं. डॉक्टरांना फोन करायचा तर चिठ्ठीवरच्या नंबरावर नको. तो नंबर ज्याने चिठ्ठी छापली त्याचाच असू शकतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासावा आणि दवाखान्याचा नंबर स्वतः शोधावा.

बोलण्यावरूनही कळतं. साधा रुग्ण किंमत विचारतो, 'याच्याऐवजी स्वस्तातली आहे का' विचारतो, 'जेवणाआधी की नंतर' विचारतो. ज्याला गोळीच हवी आहे तो एकच प्रश्न विचारतो: 'आहे का?' आणि हव्या त्या कंपनीचं नाव घेतो, कारण बाजारात त्याच पट्टीला भाव असतो. मालेगावकडे अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात, इतर काही शहरांत झोपेच्या गोळ्यांना 'बटन'. हे शब्द काउंटरवर कुणी तोंडातून काढत नाही, पण शाळेच्या आजूबाजूला ऐकू आले तर समजावं की जवळच्या कुठल्यातरी मेडिकलमधून माल बाहेर जातोय. मागितलेली कंपनी शिल्लक नसेल तर दुसरी काढून देऊ नका. एच आणि एक्स यादीतल्या औषधाला फार्मासिस्टने आपल्या मनाने पर्याय द्यायचा नाही, हे त्याच ६५ व्या नियमाच्या ११ अ पोटनियमात स्पष्ट आहे. डॉक्टरांनी नुसतं औषधाचं मूळ नाव लिहिलं असेल तर प्रश्नच येत नाही. तसं लिहायला त्यांना सांगत राहावं.

एका माणसाला किती गोळ्या एकदम द्यायच्या? हा आकडा फार कमी दुकानदारांना माहीत असतो. एनडीपीएस नियमांच्या ६६ व्या नियमाप्रमाणे मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधाच्या १०० मात्रांपर्यंतच साठा एका व्यक्तीला स्वतःच्या उपचारासाठी जवळ बाळगता येतो. दीर्घकाळच्या उपचारासाठी डॉक्टरांनी मुद्दाम तसं लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. इथे मात्रा म्हणजे गोळी. 'गावाला जायचंय, सहा महिन्यांच्या द्या' असं कुणी म्हणालं तर दिवसाला दोनच्या हिशोबाने ३६० होतात. त्या देऊन आपण त्याच्याच गळ्यात फास अडकवतो. एसटी स्टँडवर पोलिसांनी पिशवी तपासली तर चिठ्ठी असूनही तो अडकेल.

आता वजनाचा हिशोब, कारण हाच दुकानदाराला जेलपर्यंत नेतो. एनडीपीएसमध्ये शिक्षा वजनावर ठरते. अल्प्राझोलामची 'अल्प मात्रा', म्हणजे कमी शिक्षेची हद्द, ५ ग्रॅम; 'व्यापारी मात्रा', म्हणजे जबर शिक्षेची हद्द, १०० ग्रॅम. ०.५ ची गोळी धरली तर ५ ग्रॅम शुद्ध औषध भरायला १० हजार गोळ्या लागतील, म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. पण गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम आणि बाकी सगळी भर. गोळीचं वजन १०० मिलिग्रॅम धरा: ५० गोळ्यांत ५ ग्रॅम झाले, १,००० गोळ्यांत १०० ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात (२२ एप्रिल २०२०) सांगितलं की मिश्रणात भर घातलेल्या पदार्थाचं वजनही धरायचं. म्हणजे १० च्या १०० पट्ट्या, एक लहानसं खोकं, आणि १० ते २० वर्षांच्या शिक्षेचं कलम. परवाना, खरेदीचं बिल आणि विक्रीची नोंद हे तिन्ही असेल तोवर हे खोकं कायदेशीर. बिलाविना आलेल्या किंवा नोंदीविना गेलेल्या पट्टीला ते कवच राहत नाही. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक एप्रिल २०१८ पासून याच कायद्यात आहे: अल्प मात्रा ५ ग्रॅम, व्यापारी २५०. ५० मिलिग्रॅमच्या १०० कॅप्सूलांत शुद्ध औषधच ५ ग्रॅम भरतं, तिथे तर वादाची सोयही नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा मोजणी. आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा विक्री, आणि समोर कप्प्यातल्या गोळ्या हाताने मोजायच्या. अल्प्राझोलाम ०.२५ चं उदाहरण घ्या: सोमवारी १२०, आठवड्यात २०० आल्या, रजिस्टरला १८५ गेल्या, म्हणजे १३५ उरायला हव्यात. कप्प्यात १०५ असतील तर ३० कुठे गेल्या हे त्याच दिवशी शोधा. आठवड्याच्या बिलांत सापडतं, सहा महिन्यांनी नाही. फरकाची कारणं बहुतेकदा साधी: कापलेल्या पट्टीचा तुकडा दुसऱ्या डब्यात, ०.२५ च्या जागी ०.५ चं बिल, एक्स्पायरीत काढलेल्या पट्ट्यांची नोंद नाही. स्कीममध्ये १० वर १ फुकट आलेली पट्टी खरेदीत चढवली नसेल तर उलट जास्त भरते. ही फुकटची पट्टीच नोंदीबाहेर विकायचा मोह होतो, कारण ती कुठेच दिसत नाही. पण स्टॉकिस्टच्या (घाऊक विक्रेत्याच्या) बिलावर ती दिसते, आणि तपासणी आधी स्टॉकिस्टकडेच होते. तिथून यादी घेऊन मग तुमच्याकडे येतात: महिन्यात तुमच्या नावावर ६०० गोळ्या गेल्या, तुमच्या वहीत १४० विकल्या, कप्प्यात ९०, बाकीच्या ३७० दाखवा.

शेड्यूल एक्सबद्दल थोडक्यात, कारण साध्या मेडिकलचा त्याच्याशी संबंधच येऊ नये. केटामिन, मिथाइलफेनिडेट वगैरेसाठी फॉर्म २० एफ हा वेगळा परवाना लागतो. माल कुलुपात, त्या कप्प्यात दुसरं काही नाही. चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानात दोन वर्षं. रजिस्टर शिवलेलं, पानांना क्रमांक, प्रत्येक औषधाला वेगळं पान. मॉर्फिनची वाट आणखी वेगळी. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवून मान्यताप्राप्त संस्थांमार्फत द्यायची सोय झाली. कॅन्सरच्या रुग्णाचा नातेवाईक मॉर्फिनची चिठ्ठी घेऊन आला तर 'मिळत नाही' म्हणून वाटेला लावू नका. त्याला जवळच्या वेदनाशमन केंद्राचं नाव सांगा. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला तीन मेडिकल फिरवणं हाही नियमनाचाच परिणाम आहे, आणि त्यावर कुणी परिपत्रक काढत नाही.

मेफेंटरमिनच्या इंजेक्शनचं निराळंच. भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायचं औषध, १० मिलिलिटरची बाटली. गेल्या काही वर्षांत ते जिममधल्या पोरांच्या हाती गेलंय. ऑपरेशन थिएटर सोडून कुणाच्याही घरी याचा उपयोग नाही, त्यामुळे इथे विचार करायचंच कारण नाही: खुल्या काउंटरवर ठेवायचं नाही, हॉस्पिटलच्या मागणीपत्राशिवाय द्यायचं नाही.

आणि कॅमेरे. बऱ्याच जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी मेडिकलमध्ये सीसीटीव्ही बसवायचे आदेश काढले. बसवा. पण कॅमेरा चेहरा टिपतो, चिठ्ठी नाही. काउंटरच्या वर एक कॅमेरा असा लावा की काचेवर ठेवलेला कागद दिसेल. खरा धोका तर कॅमेऱ्यासमोरच उभा असतो: फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर, भाड्याने, आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा. फार्मासिस्ट समोर नसताना एच१ चा कप्पा बंद राहिला पाहिजे. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी असली तरी किल्ली फार्मासिस्टच्या खिशात.

राहिली ती सगळ्यात अवघड गिऱ्हाइकं, ज्यांना नशा करायची नाही पण गोळीही सुटत नाही. नवरा गेल्यावर डॉक्टरांनी १५ दिवसांसाठी दिलेली अल्प्राझोलाम ०.५ दहा वर्षं घेणाऱ्या मावशी प्रत्येक पेठेत आहेत. इतकी वर्षं कुणीतरी चिठ्ठीशिवाय दिली, आता तुम्ही नियम दाखवून एकदम बंद केलीत तर दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, झोप उडणं, आणि काहींना झटकेही येतात. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून त्याचा हा त्रास जास्त. ब्रिटनमध्ये अशा वेळी फार्मासिस्ट स्वतःच्या जबाबदारीवर जास्तीत जास्त पाच दिवसांचा डोस देऊ शकतो. आपल्याकडे तशी मुभा नाही. म्हणून मावशींच्या देखत डॉक्टरांना फोन लावायचा, आजच चिठ्ठी लिहून घ्यायची, आणि 'गोळी एकदम थांबवू नका, दारूच्या किंवा ट्रॅमाडॉलच्या जोडीने घेऊ नका' हे मराठीत पाकिटावर लिहून द्यायचं.

डॉक्टरांना एक विनंती करता येते. एका टप्प्यात पाव डोसापेक्षा जास्त कमी करायचं नसतं, पुष्कळांना याहून हळू न्यावं लागतं. ०.५ वरून उतरवायचं तर ०.२५ ची दीड गोळी, म्हणजे दोन आठवड्यांना २१ गोळ्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'दर १४ दिवसांनी २१, दोन वेळा द्यावे' असं लिहिलं की ११ व्या पोटनियमाप्रमाणे तुम्हाला तेवढंच, त्याच अंतराने द्यावं लागतं. मावशींच्या हातात महिन्याचा साठा राहत नाही, आणि १४ दिवसांनी त्या येतात तेव्हा हात थरथरतोय का, झोप लागते का हे विचारता येतं. पहिला शिक्का, २१ दिल्या, २१ बाकी, तारीख. दुसरा शिक्का, २१ दिल्या, बाकी काही नाही. पुढच्या टप्प्याला नवी चिठ्ठी.